शंभर मीटरवरची मासवडी

दोन हजार नऊ साली मी चौसष्ट वर्षांचा होतो, आणि ज्या मतदारसंघात मी जन्मभर मत टाकलं तो कोपरगावचा मतदारसंघ त्या साली उरला नव्हता. माणूस गेला तर सुतक पाळतात. मतदारसंघ गेला तर तलाठ्याच्या ऑफिसात एक नकाशा लावतात. त्या नकाशावर कुणीतरी रंगीत रेघा मारल्या होत्या. आमचं गाव शिर्डीत गेलं होतं आणि ओढ्यापलीकडची वाडी नगरमध्ये. आमचा ओढा एवढासा. उन्हाळ्यात पायताण न काढता ओलांडता येतो. पण नकाशावर त्याच्या अलीकडं एक रंग आणि पलीकडं दुसरा. मी बराच वेळ बघत उभा राहिलो, तर तलाठी म्हणाला, "बाबा, तुमची जमीन न्हाई गेली कुठं, नुसतं मत गेलंय."

त्याला काय सांगणार? माझी शाळा तिसरीपर्यंतची. पण सदुसष्ट सालापासून प्रत्येक लोकसभेला मी आमच्या बाजूचा बूथवरचा एजंट. मतदार यादीत नाव शोधायला मला वेळ लागायचा, पण माणूस दारात उभा राहिला की यादी उघडायच्या आधी मला कळायचं तो कोण, कुणाचा, आणि खरा आहे का दुसऱ्याच्या नावावर आलाय. पक्षांची नावं मी इथं लिहीत नाही. लिहिली तर आमचे लोक म्हणतील जास्त लिहिलं आणि पलीकडचे म्हणतील कमी लिहिलं. आमची बाजू आणि त्यांची बाजू, एवढं पुरे.

त्यांच्या बाजूचा एजंट वाडीचा होता. माझ्याच वयाचा, माझ्याइतकाच शिकलेला, आणि हट्टाला माझ्यापेक्षा काकणभर सरस. वाडी लहान, तिला स्वतःचा बूथ नव्हता. वाडीचे लोक ओढा उतरून आमच्या शाळेत मतदानाला यायचे. त्यामुळं त्याची आणि माझी खुर्ची शेजारीशेजारी. वर्षभर आम्ही एकमेकांना अरेतुरे करायचो. बैल बघायला, सोयरीक ठरवायला एकत्र जायचो. पण मतदानाच्या दिवशी खोलीत बसलो की तो मला "अहो एजंट" म्हणायचा आणि मी त्याला "बोला एजंट" म्हणायचो. सरकारी काम आहे, तिथं अरेतुरे शोभत नाही, असं आमचं दोघांचं मत होतं. दुसरं कुठलंच मत आमचं एक नव्हतं.

सदुसष्टला आम्ही दोघंही पहिल्यांदा बसलो. लोकसभा आणि विधानसभा एकाच दिवशी होती. लोखंडी पेट्या, फुलीचा शिक्का, लाखेचा वास. बायका मतपत्रिका उघडीच घेऊन बाहेर यायच्या आणि आम्हालाच विचारायच्या, "कुठं टाकू रं भाऊ?" माझी शिदोरी आईनं दिली होती, बाजरीची भाकरी आणि मासवडी. मासवडी आमच्याकडं पाहुणा आला की होते. बेसन शिजवून ओल्या फडक्यावर थापायचं, आत तीळ, खोबरं, कांदा भाजून घातलेला मसाला भरायचा, गुंडाळायचं आणि वड्या कापायच्या. सोबत झणझणीत रस्सा. आईला वाटलं होतं, मुलगा सरकारी कामाला निघालाय.

त्याच्या बाजूची जेवणाची जीप येणार होती. ती ओढ्याच्या वाळूत रुतली. दुपार कलली तरी त्याच्या पोटात काही नाही. मी भाकरी अर्धी केली आणि पुढं सरकवली.

"न्हाई," तो म्हणाला. "विरोधी बाजूचं खात न्हाई मी."

"मग उपाशी मर."

"मरंन."

तासभर तो मासवडीकडं न बघता बसला. मग म्हणाला, "अहो एजंट, असं करू. ज्याची बाजू निवडून येईल त्यानं पुढच्या खेपेला दोघांचं जेवण आणायचं. म्हंजे हे फुकटचं हुनार न्हाई. उसनं झालं."

"आन् आजचं?"

"आजचं ह्यातच धर," म्हणाला, आणि माझी अर्धी भाकरी संपवून उरलेल्या अर्ध्याकडं हात घातला.

निकाल लागला, आमची बाजू आली. पुढच्या वेळीही आली. त्याच्या पुढच्या वेळीही. त्या काळात आमच्याकडं आमचीच बाजू यायची, त्यात नवल काही नव्हतं. नवल एवढंच की दर खेपेला जिंकून आम्हीच जेवण करून घालायचो. कारभारीण म्हणायची, "अवो, एकदा तरी पडा की. माजे हात भाजून निघाले मासवड्या थापून." तिला राजकारण कळत नाही असं मी म्हणायचो. तिला सगळं कळत होतं.

तिचं लग्नानंतरचं पहिलं मत अजून आठवतं. डोक्यावरून पदर तोंडापर्यंत ओढून ती रांगेतून आली. मी खुर्चीत ताठ बसलो, ओळख दाखवली नाही. शेजारचा एजंट उठला. "साहेब, हरकत हाय. ही बाई कोन, मला वळखू येत न्हाई. तोंड दाखवावं."

मतदान घेणारे साहेब गोंधळले. मी काही बोलणार तेवढ्यात पदराआडून आवाज आला, "भावजी, वळख दुपारी पटंल, मासवडी खाताना. पटत नसंल तर रस्सा परत नेते."

साहेबांनी मान खाली घालून कागद चाळायला घेतला. तो बसला आणि म्हणाला, "वळख पटली साहेब. लई चांगली पटली."

नव्वद सालानंतर वारं फिरलं. त्यांची बाजू यायला लागली, मग पुन्हा आमची, मग पुन्हा त्यांची. निवडणुकाही दिवाळीसारख्या वर्षादीड वर्षानं येऊ लागल्या. पुढारी इकडचे तिकडं आणि तिकडचे इकडं होत होते. काल आम्ही ज्याला पाडा म्हणून ओरडलो त्याचा फोटो आज आमच्याच जीपवर. त्यांच्या बाजूचं नाव बदललं, निशाणी बदलली, आमचीही बदलली. पण आम्ही दोघं ज्या खुर्चीत बसलो तिथंच बसलो. एकदा मला एका मोठ्या माणसानं बोलावून घेतलं आणि म्हणाला, आता तिकडं चला, तिकडं मान आहे. मी म्हणालो, मला मान माझ्या खुर्चीतच आहे. दुसऱ्या दिवशी हे मी वाडीच्या एजंटाला सांगितलं. तो म्हणाला, "मलाबी बोलावलं हुतं. तुमच्याकडं." त्या दिवसापासून गावात कुणी आमच्यापैकी एकाला जरी फुटेल म्हटलं, तर दुसराच भांडायला उठायचा.

त्यांची बाजू येऊ लागल्यावर जेवण त्याच्याकडून यायला लागलं. त्याची बायको शांत बाई. बोलायची कमी, पण हात असा की तिचा रस्सा खाऊन झाल्यावर बोटांचा वास दिवसभर जाऊ नये वाटायचं. ती कधी बूथच्या दारात थांबायची नाही. किटली आणि भाकरीची गाठोडी शिपायाकडं द्यायची आणि लांबून विचारायची, "पावन्याला तिखट जास्त न्हाई ना झालं?" मी पाहुणा नव्हतो, विरोधी होतो. पण तिच्या तोंडी मी पाहुणाच राहिलो.

दोन हजार चारला मशीन आलं. शिक्का गेला, लाख गेली. म्हातारी माणसं मशीनपुढं उभी राहून विचारायची, "दाबलं, पर पडलं का?" पीं वाजलं की हसत बाहेर यायची. त्या वेळी जेवणाची पाळी त्याच्याकडं होती. त्याच्या बायकोनं दिलेलं ते शेवटचं जेवण. निकालात आमची बाजू आली, म्हणजे पुढच्या खेपेला पाळी माझी. आणि पुढच्या खेपेच्या आत ती गेली. थंडीताप झाला, दवाखान्यात नेली, चार दिवसांत आटोपलं. तेराव्याला मी ओढा ओलांडून गेलो तेव्हा तो ओट्यावर बसला होता. मला बघून एवढंच म्हणाला, "आता पुढचं जेवान तुज्या घरचं."

"माज्याच घरचं," मी म्हणालो.

म्हणून मी तलाठ्याच्या ऑफिसात त्या नकाशापुढं उभा राहिलो होतो. वाडीला आता स्वतःचा बूथ झाला होता. तो वाडीच्या शाळेत नगरसाठी बसणार, मी आमच्या शाळेत शिर्डीसाठी. आमच्याकडं जागा राखीव झाली म्हणून गावातले एकदोन पुढारी तोंड पाडून होते. मला त्याचं काही नव्हतं. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होणार होती, माझं दुखणं ते होतं.

मी त्याला बाजारात गाठलं. म्हणालो, "मतदानाच्या आदल्या दिशी जेवायला ये घरी."

"का?"

"का म्हंजे? पाळी माजी हाय."

"आरं, मतदारसंघच मेला," तो म्हणाला. "पाळी कसली न् काय कसली. सुटलास तू."

सुटलास. हा शब्द मला फार लागला. मी सुटणारा माणूस नाही. त्याच्या बायकोचं शेवटचं जेवण माझ्या पोटात होतं, आणि तो मला चारचौघांत सुटलास म्हणत होता.

"घरी येत न्हाईस?"

"घरी आलो तर ते पावन्याचं जेवान. ते मी कवाबी खाईन. बूथवरचं ते येगळं हुतं."

"मग बूथवर आनीन."

"तुजा बूथ हिकडं, माजा तिकडं. येऊ देनार न्हाईत."

"बघू."

"बघ," म्हणाला आणि मेथीच्या जुड्यांवर वाकला.

त्या दिवसापासून मतदानापर्यंत आम्ही एकमेकांशी बोललो नाही. गावाला वाटलं, आयुष्यात पहिल्यांदा आमचं राजकारणावरून भांडण झालं.

मतदानाच्या दिवशी कारभारीण पहाटे उठली. मासवड्या झाल्या, रस्सा किटलीत भरला. भाकरीला स्वच्छ फडकं मागितलं तर तिनं फळीवरचं एक पांढरं, दुहेरी शिवलेलं फडकं दिलं. "हे त्यांचंच हाय," ती म्हणाली. "त्या खेपेला भाकरी आल्या हुत्या ह्यात. द्यायचं राहून गेलं. आज त्यातच जाऊ द्या."

मला ते बरं वाटलं. सकाळी मशीन तपासायचं नमुना मतदान झालं, सह्या झाल्या, दुपारपर्यंत मी माझ्या खुर्चीत बसलो. शेजारी त्यांच्या बाजूचा नवा एजंट होता, सारखा मोबाईलवर बोलत होता. ऊन वर आलं तशी मी बदली एजंटाला बसवलं, गाठोडी आणि किटली घेतली आणि ओढ्यात उतरलो.

वाडीच्या शाळेपुढं चुन्यानं शंभर मीटरची रेघ मारली होती. तिथं बाहेरगावचा एक पोलीस उभा होता.

"बाबा, मत हिथलं का?"

"न्हाई. मत दिलंय मी, तिकडं."

"मग रेघंच्या आत न्हाई जाता येनार."

"जेवान द्यायचंय. एजंटाला."

"कुठल्या?"

मी सांगितलं. तो म्हणाला, "बघू काय हाय ते." गाठोडी घेतली, गाठ सोडली, भाकऱ्या वर उचलल्या आणि फडकं झटकायला गेला. जुनी शिवण. ती उसवली. फडकं त्याच्या हातातून निसटून खाली पडलं, दुहेरी कापडाची आतली बाजू वर आली, आणि त्यावर हातभर मोठी निशाणी. त्यांच्या बाजूची.

मला क्षणभर कळेचना. मग उमगलं. प्रचार संपला की आमच्या भागात बॅनरचं कापड वाया जात नाही. त्याच्या उशीच्या खोळी होतात, पिशव्या होतात, भाकरीची फडकी होतात. बायका छापलेली बाजू आत घेऊन शिवतात. त्याच्या बायकोनं तसंच शिवलं होतं, बूथवर न्यायचं म्हणून बारीक टाक्यांनी. पाच वर्षं ते माझ्या घरात होतं आणि मला पत्ता नव्हता.

"बाबा, हा तर प्रचार झाला," पोलीस म्हणाला. "मतदान चालू असताना, रेघंवर."

गलका ऐकून शाळेतून आमच्याच बाजूचा एजंट आला. वाडीचाच, कॉलेज केलेला, मी त्याला कडेवर घेतलेला. त्यानं फडक्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"काका," तो म्हणाला, "तुमीबी तिकडं गेला?"

रांगेतली माणसं वळून बघत होती. निम्म्या लोकांना मी नावानं ओळखत होतो. माझ्या हातात रश्श्याची किटली आणि पायाशी त्यांची निशाणी. बेचाळीस वर्षं मी एका खुर्चीत बसलो, आणि त्या उन्हात, चुन्याच्या रेघेवर, मी फुटलेला माणूस दिसत होतो. मी खरं सांगितलं असतं तरी कोण ऐकणार? फुटलेला प्रत्येक माणूस काहीतरी सांगतच असतो.

तेवढ्यात माझा जुना शेजारी एजंट शाळेतून बाहेर आला. मतदानाचे साहेबही मागोमाग आले. त्यानं आधी फडकं पाहिलं. खाली वाकून ते उचललं, उसवलेली शिवण अंगठ्यानं चाचपली. मग साहेबांकडं वळला.

"साहेब, निशाणी माज्या बाजूची हाय. मी त्या बाजूचा एजंट. आता माजं ऐका. हा मानूस आमचा न्हाई. सदुसष्ट सालापासून हा आमच्या विरोधात बसलाय. आमाला एक मत चुकून पडू दिलं न्हाई ह्यानं. ह्यो आमचा प्रचार करंल तर सूर्य मावळतीला उगवंल. पायजे तर लिहून घ्या, मी सही करतो."

"मग हे कापड?"

"माज्या मंडळीनं शिवलेलं हाय. ती न्हाई आता."

साहेबांनी पोलिसाला खूण केली. पोलिसानं भाकऱ्या परत फडक्यात ठेवल्या, छापलेली बाजू आत करून. कॉलेज केलेला एजंट माझ्याकडं न बघता म्हणाला, "काका, चुकलं." मी मान हलवली. एवढ्यावर मिटवणारा मी नव्हे, पण मला रस्सा थंड होण्याची काळजी होती.

माझ्या जुन्या शेजाऱ्यानं बदली एजंटाला बसवलं आणि आम्ही दोघं रेघेपासून लांब, ओढ्याच्या काठच्या लिंबाखाली बसलो. किटली उघडली. रस्सा कोमटच होता. त्यानं पहिला घास घेतला आणि चावत राहिला.

"कसं झालंय, एजंट?" मी विचारलं.

"तिखट कमी हाय."

"तुज्या घरच्यासारखं न्हाई व्हनार."

"न्हाई व्हनार," तो म्हणाला, आणि दुसरी वडी उचलली.

खाऊन झाल्यावर त्यानं फडक्यावरचे भाकरीचे कण झटकले. ते निम्मं उसवलं होतं, पण एका कडेचे टाके तसेच होते, बारीक, एका ओळीत. तो त्यांच्यावरून बोट फिरवत राहिला.

"न्यायचं तर ने," मी म्हणालो. "तुजंच हाय."

"न्हाई. ठिव तुज्याकडं. पुढल्या खेपेला भाकरी कशात आननार?"

"पुढल्या खेपेला पाळी माजीच कशी? निकाल कुठं लागलाय?"

"तुजा निकाल शिर्डीचा, माजा नगरचा. कुठला धरायचा?"

"शिर्डीचा. मी थोरला हाय."

"महिन्यानंच थोरला."

"महिन्यानं का हुईना."

"नगरचा धरायचा," तो म्हणाला. "जेवान नगरमदी खाल्लं. लिंब कुठल्या बाजूला हाय बघ ओढ्याच्या."

आम्ही लिंबाकडं पाहिलं. मुळ्या ओढ्याच्या दोन्ही अंगाला गेल्या होत्या. हे काही मिटेना, आणि दोघांनाही आपापल्या खुर्चीत परत जायचं होतं. उठताना तो म्हणाला, "येतो, एजंट," आणि मी ओढा ओलांडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते फडकं स्वतः धुतलं आणि निशाणी आत करून वाळत घातलं. वाळल्यावर ओट्यावर बसून सुईदोरा मागितला. कारभारीण म्हणाली, "द्या हिकडं, मी शिवते." मी दिलं नाही. सुईत दोरा ओवता येईना, तेवढा तिच्याकडून ओवून घेतला. मग त्याच्या बायकोच्या टाक्यांना हात न लावता, जिथं उसवलं होतं तिथूनच, माझे वाकडेतिकडे टाके घालत ती शिवण मी बंद करत आणली.